प्लॅन ३०० चा, बेडरूममध्ये २०: वाय-फायचा दोष नेमका कुठे शोधायचा

एका ताईंनी पाठवलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. घोडबंदर रोडला कासारवडवलीत नव्या टॉवरमध्ये दोन बेडरूमचा फ्लॅट. फायबरचा ३०० एमबीपीएसचा प्लॅन. कंपनीचा वाय-फायचा डबा मुख्य दाराजवळ, चपलांच्या कपाटावर. हॉलमध्ये मोबाईलवर स्पीड टेस्ट केली तर अडीचशेच्या वर आकडा येतो. आतल्या बेडरूममध्ये ताईंचं ऑफिसचं टेबल आहे, तिथे पंधरा-वीस. मीटिंगमध्ये आवाज तुटतो, संध्याकाळी सातनंतर जास्तच. कस्टमर केअरने सल्ला दिला की ५०० चा प्लॅन घ्या.

ताई, प्लॅन वाढवू नका. तुमच्या आकड्यांतच उत्तर आहे. हॉलमध्ये अडीचशे मिळतायत म्हणजे कंपनीची लाइन तुमच्या दारापर्यंत नीट येते आहे. ५०० घेतले तर हॉलमधला आकडा वाढेल आणि बेडरूममध्ये तेच पंधरा-वीस राहतील. ठाणे आणि नवी मुंबईतल्या घरांत, सोसायट्यांत नेटवर्कचं काम करताना मला सगळ्यात जास्त दिसणारी तक्रार हीच आहे. लोक दर महिन्याला जादा पैसे भरत राहतात आणि दोष घरातल्या भिंतीत नाहीतर एखाद्या वायरीत असतो. याचं मला खरंच वाईट वाटतं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

इंटरनेट तुमच्या लॅपटॉपपर्यंत तीन टप्प्यांत येतं. बाहेरून फायबर डब्यापर्यंत, डब्याच्या आतून त्याच्या पोर्टपर्यंत, आणि तिथून हवेतून तुमच्यापर्यंत. कुठला टप्पा अडखळतोय हे कळल्याशिवाय काहीही विकत घ्यायचं नाही. आणि ते कळण्यासाठी पहिल्यांदा वाय-फाय बाजूला ठेवून वायरने मोजायचं.

लॅपटॉप डब्याजवळ न्या, लॅन केबल थेट डब्याच्या पोर्टमध्ये लावा, लॅपटॉपचं वाय-फाय बंद करा, ऑफिसचं व्हीपीएन (ऑफिसच्या नेटवर्कला जोडणारं सॉफ्टवेअर) बंद करा, घरातल्या बाकीच्यांना पाच मिनिटं थांबायला सांगा आणि टेस्ट घ्या. हल्लीच्या बारीक लॅपटॉपला लॅनचं भोक नसतं. त्यासाठी यूएसबीचा लॅन अडॅप्टर मिळतो, फक्त तो गिगाबिटचा, म्हणजे १००० एमबीपीएसचा, आहे ना हे पाहून घ्या. २८० ते ३०० आलं की पहिले दोन टप्पे निर्दोष, कंपनीशी भांडायचं कारण नाही.

आकडा ९३, ९४, ९५ अशा ठिकाणी येऊन अडकला आणि काही केल्या वर जाईना, तर मात्र ती ठरलेली खूण आहे. याचा अर्थ तुमच्या वाटेत कुठेतरी १०० एमबीपीएसचा अडथळा आहे. लॅन केबलमध्ये आठ तारा असतात, म्हणजे चार जोड्या. १०० च्या वेगाला दोनच जोड्या पुरतात, १००० च्या वेगाला चारही लागतात. टोकाला क्लिप मारताना एखादी तार नीट बसली नाही, कपाट सरकवताना आत एखादी तुटली, किंवा पूर्वी कुणी चारच तारा जोडून काम भागवलं, तर दोन्ही बाजूंची उपकरणं काही न सांगता १०० वर उतरतात. इंटरनेट चालू राहतं, कुठे लाल दिवा लागत नाही, आणि माणूस वर्षानुवर्षं तीनशेचे पैसे भरून पंचाण्णव वापरतो. विंडोजमध्ये नेटवर्कच्या सेटिंगात लिंक स्पीड लिहिलेला असतो, तिथे १००/१०० दिसलं की आधी केबल बदलून बघा.

केबल बदलूनही १०० च दिसत असेल तर पोर्ट तपासा. स्वस्तातल्या बऱ्याच राउटरच्या खोक्यावर मोठ्या अक्षरांत ३०० एमबीपीएस छापलेलं असतं, पण तो हवेतल्या सिग्नलचा कागदावरचा आकडा असतो. मागची पोर्ट १०० चीच असतात. असा राउटर मध्ये असेल तर तुम्ही हजाराचा प्लॅन घेतलात तरी ९५ च्या पुढे जाणार नाही.

वायरने मोजूनही आकडा कमी-जास्त होत असेल, पण पंचाण्णववर अडकत नसेल, तर दोष बाहेरच्या बाजूला असू शकतो. डब्याच्या सेटिंगच्या पानावर फायबरमधून येणाऱ्या प्रकाशाची ताकद डीबीएम या एककात दिसते. ती उणे १५ ते उणे २५ च्या दरम्यान असली की ठीक. उणे २७ च्या आसपास किंवा त्याहून खाली गेली की तुटक चालणारच. बहुतेक वेळा कारण साधं असतं. फायबर दाराच्या चौकटीत दाबली गेलेली असते, कपाटामागे काटकोनात मुडपलेली असते, नाहीतर लिफ्टजवळच्या डक्टमधला जोड पावसाळ्यात ओलावा किंवा धूळ धरतो. हे काम तंत्रज्ञाचं, फायबरचं टोक स्वतः काढून कपड्याने पुसू नका. आपल्याकडच्या फायबरमध्ये बहुतेक ठिकाणी साधारण अडीच गिगाबिटची एक लाइन ३२ किंवा ६४ घरांत वाटलेली असते, त्यामुळे रात्री सगळे एकदम बसले की वायरवरही थोडा फरक पडू शकतो. तशी शंका असेल तर सकाळी आणि रात्री वायरनेच टेस्ट घ्या आणि स्क्रीनशॉट ठेवा. वाय-फायवर घेतलेल्या टेस्टवर कंपनी 'तुमच्या घरातला प्रश्न' म्हणून बोट दाखवते, आणि त्यात तथ्यही असतं. वायरवरच्या टेस्टला तसं म्हणता येत नाही.

तुमच्या बाबतीत मला वाटतं लाइन चांगलीच निघेल. पण संध्याकाळी आवाज का तुटतो हे अंदाजाने ठरवायचं नाही. त्यासाठी स्पीड टेस्टपेक्षा उपयोगी असं एक साधन प्रत्येक लॅपटॉपमध्ये आहे, पिंग. समोरून उत्तर यायला किती वेळ लागतो ते त्यात दिसतं. कमांड प्रॉम्प्टच्या दोन खिडक्या उघडा. एकीत पिंग (इंग्रजीत ping) लिहून पुढे तुमच्या डब्याचा पत्ता द्या. तो बहुधा १९२.१६८.१.१ असतो, डब्याखालच्या स्टिकरवर लिहिलेला सापडेल. दुसरीत पिंग आणि ८.८.८.८, हा घराबाहेरचा, गूगलच्या सर्व्हरचा पत्ता. शेवटी '-t' जोडलं की ते सतत चालू राहतं. संध्याकाळी मीटिंगच्या वेळी, बेडरूममधल्या टेबलावरच, दोन्ही खिडक्या शेजारी ठेवा आणि आवाज तुटला की आकड्यांकडे बघा.

डब्याचा पिंग एकेरी आकड्यात, दोन ते पाच मिलिसेकंदांच्या आसपास असायला हवा. तोच मध्येच दीडशे-दोनशेवर उडी मारत असेल, किंवा 'रिक्वेस्ट टाइम्ड आउट' येत असेल, तर दोष लॅपटॉप आणि डब्याच्या मध्ये आहे, म्हणजे हवेत. कंपनीचा त्यात हात नाही. डब्याचा पिंग स्थिर आणि फक्त ८.८.८.८ चा उड्या मारतोय, तर दोष पुढे, म्हणजे कंपनीच्या बाजूला किंवा तुमच्याच घरातून कुणीतरी अपलोड भरून टाकल्यामुळे.

ही दुसरी शक्यता लोकांच्या लक्षातच येत नाही. घरातल्या एखाद्या मोबाईलमधून सगळे फोटो-व्हिडिओ ढगात, म्हणजे क्लाउडवर, चढत असतात, दारावरचा कॅमेरा चोवीस तास व्हिडिओ पाठवत असतो. अपलोडची वाट भरली की तुमच्या आवाजाची छोटी छोटी पाकिटं डब्यात रांगेत अडकतात, आणि स्पीड टेस्ट मात्र डाउनलोडचा छान आकडा दाखवत राहते. फोटोंचा बॅकअप रात्री दोननंतरचा करा. राउटरमध्ये क्यूओएसची (कुणाला किती वेग द्यायचा ते ठरवण्याची) सोय असेल तर अपलोड-डाउनलोडची मर्यादा प्रत्यक्ष वेगाच्या पंच्याऐंशी-नव्वद टक्क्यांवर बांधा. वेग थोडा कमी दिसतो, पण कॉल स्वच्छ होतो, आणि घरून काम करणाऱ्याला कॉल महत्त्वाचा.

आता भिंतींकडे येतो, कारण तुमच्या घरात मला मुख्य संशय त्यांचाच आहे.

नौपाडा-पाचपाखाडीतल्या जुन्या इमारतींत किंवा वाशी-नेरूळच्या सिडकोच्या जुन्या घरांत आतल्या भिंती विटांच्या, त्याही बहुधा पातळ. तिथे हॉलमधला राउटर सगळ्या घराला पुरतो. घोडबंदर रोड, खारघर, उलवे इथले अलीकडचे बरेच टॉवर मायव्हान पद्धतीने बांधलेले आहेत. अ‍ॅल्युमिनियमचे साचे उभारून भिंती आणि स्लॅब एकत्रच काँक्रीटमध्ये ओततात. म्हणजे तुमच्या हॉल आणि बेडरूममधली भिंतसुद्धा लोखंडी सळयांसकट काँक्रीटची असते. खिळा ठोकायला गेलात तर अनुभव आलाच असेल. वीट आणि काँक्रीट यांतून जाताना वाय-फायच्या सिग्नलची होणारी झीज अगदी वेगळी असते, आणि वाय-फायच्या २.४ व ५ गिगाहर्ट्झ या दोन पट्ट्यांपैकी ५ चा वेगवान सिग्नल २.४ च्या मानाने जास्त झिजतो. अशा दोन भिंती ओलांडल्या की ५ चा सिग्नल जवळपास संपतो. मग लॅपटॉप मुकाट २.४ वर उतरतो, आणि तुमचे पंधरा-वीस तिथूनच येतात.

त्यात भिंत तिरकी ओलांडली की काँक्रीटची वाट आणखी लांब होते. मध्ये बाथरूम आलं तर टाइल्स, पाइप, आरसा. माळ्यावर पाण्याची टाकी असेल तर तीही, कारण पाणी सिग्नल शोषून घेतं. स्टीलचं कपाट आणि फ्रिज यांच्यामागे तर सावलीच पडते.

आणि डबा कुठे आहे? दाराजवळ, चपलांच्या कपाटावर. फायबर लिफ्टजवळच्या डक्टमधून येते, दाराच्या वरून आत घेतली की तंत्रज्ञाचं काम पाच मिनिटांत संपतं, म्हणून सगळ्या इमारतीत डबा तिथेच लागतो. घराच्या एका टोकाला. त्याचा निम्मा सिग्नल लिफ्टच्या लॉबीत जातो. डबा कपाटाच्या आत, टीव्हीच्या मागे किंवा शोकेसमध्ये असेल तर आणखीच वाईट.

पहिला उपाय फुकटाचा आहे. डबा बाहेर काढून मोकळ्यावर, पाच-सहा फूट उंचीवर, बेडरूमच्या पॅसेजच्या तोंडाशी आणता येतो का बघा, जिथून बेडरूमचं दार सरळ दिसेल. उघड्या दारातून येणारा सिग्नल भिंतीतून येणाऱ्यापेक्षा कितीतरी ताजा असतो. फायबर ओढू नका. तंत्रज्ञाला बोलावून लांब फायबर टाकून घ्या.

फरक पडला की नाही हे स्पीड टेस्टने नव्हे, सिग्नलच्या आकड्याने बघा. अँड्रॉइडवर वाय-फाय अ‍ॅनलायझर प्रकारची फुकट अ‍ॅप्स आहेत, ती सिग्नल डीबीएममध्ये दाखवतात. उणे ५० ते उणे ६० उत्तम. व्हिडिओ कॉलसाठी उणे ६७ पर्यंत चालतं. उणे ७५ च्या खाली गेलं की मीटिंग तुटणारच, प्लॅन कितीचाही असो. टेबलावर, खुर्चीत बसल्यावर लॅपटॉप असतो त्या उंचीवर मोजा. दोन फुटांनी आकडा बदलतो.

त्याच अ‍ॅपमध्ये शेजाऱ्यांचे वाय-फायही दिसतील, आणि संध्याकाळचं कोडं तिथे उलगडेल. २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात एकमेकांवर न चढणारे चॅनेल तीनच धरले जातात: १, ६ आणि ११. टॉवरमध्ये वर, खाली, आजूबाजूला मिळून वीस-पंचवीस राउटर सहज दिसतात आणि ते सगळे या तिघांत वाटले जातात. एका चॅनेलवर एका वेळी एकानेच बोलायचं, बाकीच्यांनी थांबायचं, हा वाय-फायचा नियम आहे. सातनंतर सगळ्या घरांत टीव्ही आणि मोबाईल चालू झाले की तुमच्या लॅपटॉपची पाळी उशिरा येते. २.४ ला रुंदी २० मेगाहर्ट्झच ठेवा, ४० करू नका. चॅनेल १, ६, ११ पैकी जो कमी गजबजलेला तो. मोकळा दिसतो म्हणून ३ किंवा ९ निवडणारे बरेच भेटतात. तिथे तुमचा राउटर दोन्हीकडच्यांच्या मध्ये सापडतो, त्यांच्या बोलण्याची त्याला नीट चाहूल लागत नाही, तो थांबत नाही, आणि तिघांचंही नुकसान होतं.

५ गिगाहर्ट्झला चॅनेल भरपूर आहेत, आणि ज्या काँक्रीटने तुमचा घात केला तेच काँक्रीट इथे शेजाऱ्यांचा सिग्नलही बाहेर अडवतं. म्हणून टॉवरमध्ये कामाचा लॅपटॉप ५ वरच राहायला हवा. दोन्ही पट्ट्यांना वेगळी नावं द्या, म्हणजे लॅपटॉप कुठे जोडलाय ते समोर दिसेल. स्मार्ट बल्ब, प्रिंटर, दारावरचा कॅमेरा असली मंडळी २.४ वर राहू द्या.

हे सगळं करूनही आतल्या बेडरूममध्ये उणे ७० च्या वर येत नसेल, आणि मायव्हानच्या घरात तशी शक्यता आहे, तर दुसरा वाय-फायचा डबा आत लावावा लागेल. इथे लोक बाजारातून भिंतीतल्या सॉकेटला लावायचा रिपीटर आणतात. माझं स्पष्ट मत आहे की घेऊ नका. साधा रिपीटर एकाच रेडिओवर ऐकतो आणि तेच परत बोलतो, त्यामुळे वेग साधारण निम्मा होतो. शिवाय लोक तो त्याच खोलीत लावतात जिथे मुळात सिग्नल पोहोचत नाही. मग तो वीसचे दहा करून पूर्ण रेघा दाखवतो. मेश, म्हणजे एकमेकांशी जोडून एकच वाय-फाय देणारे दोन-तीन डबे, चांगलं असतं, पण त्याचेही दोन डबे हवेतूनच बोलणार असतील आणि मध्ये तीच काँक्रीटची भिंत असेल, तर महागडं मेशही अर्ध्या ताकदीनेच चालेल. हवेवरचंच मेश घ्यायचं असेल तर दुसरा डबा बेडरूममध्ये नको, पॅसेजमध्ये ठेवा, जिथे पहिल्याचा सिग्नल अजून दमदार आहे.

खरा उपाय एक वायर आहे. आणि ती नेण्याची सोय तुमच्या घरात बहुधा आधीच आहे. बिल्डर बेडरूममध्ये टीव्हीचा किंवा टेलिफोनचा पॉइंट देतो. त्या पॉइंटपर्यंत भिंतीतून पाइप गेलेला असतो, आणि त्यातली टेलिफोनची वायर आज कुणी वापरत नाही. इलेक्ट्रिशियन स्प्रिंग घालून, किंवा त्या जुन्या वायरीलाच नवी बांधून, कॅट-६ दर्जाची लॅन केबल ओढून देतो. एक अट: विजेच्या वायरी असलेल्या पाइपमधून लॅन केबल नेऊ नका, सुरक्षेसाठीही नाही आणि सिग्नलसाठीही. पाइप बुजलेला निघाला तर स्कर्टिंगच्या कडेने केसिंग पट्टी मारून घ्या. दिसायला थोडं खटकेल, पण रोजची मीटिंग सुटेल.

केबल घेताना तारा शुद्ध तांब्याच्या आहेत ना ते विचारा. मुंबईच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात, लॅमिंग्टन रोडवर, आणि आपल्याकडच्या दुकानांतही अ‍ॅल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली स्वस्त केबल सर्रास मिळते. ती वाकवताना लवकर तुटते आणि जोड कालांतराने सैल पडतो. तारेचं टोक ब्लेडने खरवडलं की आत चंदेरी रंग दिसतो, तिथेच कळतं.

बेडरूममधल्या टोकाला नवीन काही घेण्याआधी घरात पडलेला जुना राउटर बघा. दोन पट्ट्यांचा आणि गिगाबिट पोर्टचा असेल तर तोच पुरे. त्याला अ‍ॅक्सेस पॉइंट मोडवर टाका, म्हणजे तो फक्त वाय-फाय देण्याचं काम करतो. तसा मोड नसेल तर त्याचा डीएचसीपी (उपकरणांना पत्ते वाटण्याची सोय) बंद करा, त्याला १९२.१६८.१.२ सारखा वेगळा पत्ता द्या आणि केबल त्याच्या वॅन (इंटरनेट आत घेणाऱ्या) पोर्टमध्ये नव्हे, लॅन पोर्टमध्ये लावा. असं न करता तसाच जोडला तर घरात एकामागे एक दोन राउटर होतात, आणि काही ऑफिसांचं व्हीपीएन किंवा घरातल्या घरात प्रिंटर शोधणं बिघडतं. नाव-पासवर्ड हॉलच्या डब्याचेच द्या, चॅनेल मात्र वेगळा. आणि टेबल पॉइंटच्या जवळच असेल तर लॅपटॉपलाही वायरच लावा. मीटिंगसाठी याहून भरवशाचं काही नाही.

दोन बारीक गोष्टी राहिल्या. व्हीपीएन चालू असताना हळू आणि बंद केल्यावर वेगवान, असं दिसलं तर घरात काही शोधू नका, ऑफिसच्या आयटीला कळवा. आणि वीज लुकलुकल्यावर किंवा दुपारी डबा आपोआप बंद होऊन चालू होत असेल, तर त्याचा अडॅप्टर थकलेला असतो. डब्यावर लिहिलेल्या व्होल्ट-अँपिअरचाच नवा घ्या. महावितरणचा पुरवठा गेल्यावर मीटिंग तुटू नये म्हणून राउटरचा छोटा यूपीएस मिळतो. त्यावर फायबरचा डबा आणि आतला राउटर दोन्ही हवेत, एकच ठेवून उपयोग नाही.

तेव्हा आज संध्याकाळी पिंगच्या दोन खिडक्या, उद्या वायरने टेस्ट, मग डब्याची जागा, आणि गरज लागली तरच इलेक्ट्रिशियन. त्याने केबल ओढली की तो घरात असतानाच लॅपटॉप त्या टोकाला जोडून लिंक स्पीड बघा. १०००/१००० दिसलं तर पैसे द्या. १००/१०० दिसलं तर दोन्ही टोकांच्या क्लिपा तिथल्या तिथे परत मारून घ्या.